समाजमंदिर : जागा, मंजुरी आणि वापर

समाजमंदिर : गावाने किंवा वस्तीने सभा, लग्नकार्य, जयंती, बचतगटाची बैठक, लसीकरण, अभ्यासिका अशा सामायिक कामांसाठी वापरायची सार्वजनिक मालकीची इमारत. शहरात तिला बहुउद्देशीय सभागृह, समाजकल्याण केंद्र किंवा सांस्कृतिक भवन म्हणतात. ही इमारत कोठे, कोणाच्या जागेवर व कोणत्या पैशातून उभी राहावी आणि पुढे कोणाच्या ताब्यात असावी, हे ठरवण्यात ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका या स्थानिक संस्थांचा वाटा मोठा असतो. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील पद्धत दिली आहे.

कायद्याची चौकट. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ मध्ये आला, दुसरा १९५४ मध्ये. सध्या लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा असून तो ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन, जमिनीचा वापर व इमारतींचे नियमन हे विषय बाराव्या अनुसूचीत घातले. ७३ व्या दुरुस्तीने सामूहिक मालमत्तांची देखभाल पंचायतींच्या यादीत आली. प्रत्यक्षात मोठ्या निर्णयांवर शेवटचे शिक्कामोर्तब राज्य शासनाचेच राहिले आहे.

विकास आराखडा. शहरातील सभागृहाचा खरा निर्णय नकाशा मंजूर होताना होत नाही. तो त्याच्या कितीतरी वर्षे आधी, विकास आराखड्यात भूखंडावर आरक्षण पडते तेव्हा होतो. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी ठराविक मुदत मिळते. त्यानंतर स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचनेचे जास्तीत जास्त ४ जाणकार यांची नियोजन समिती सुनावणी घेते, अहवाल देते आणि आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. २०१५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडा महापालिकेकडून आपल्या हाती घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मुंबईचा मसुदा २०१५ मध्ये जनक्षोभामुळे मागे घ्यावा लागला, नव्याने करावा लागला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला.

या सुनावण्यांमध्ये एक गोष्ट नेहमी दिसते. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडले तो मालक वकील व वास्तुविशारद घेऊन वेळेवर हजर असतो. ज्या वस्तीसाठी सभागृह हवे, तेथून बहुधा कोणी येत नाही. भाग नकाशे महापालिकेच्या भिंतीवर लावलेले असतात. आरक्षणाचा क्रमांक, रंग, सर्व्हे नंबर आणि हद्द हे सारे जुळवून आपल्या गल्लीचे काय ठरले हे समजायला जाणता माणूस सोबत लागतो. मुदत निघून जाते आणि ‘आमच्या भागात एक हॉल नाही’ ही तक्रार दहा वर्षांनी नगरसेवकाच्या दारात येते. हरकतींची मुदत सुरू असताना प्रत्येक प्रभागात नकाशा वाचून दाखवणारा माणूस बसवणे अवघड नाही. तेवढे केले तरी या प्रक्रियेचा अर्धा दोष दूर होईल.

आरक्षण पडले म्हणजे जमीन मिळाली असे नव्हे. ती संमतीने, विकास हक्क हस्तांतरणाच्या म्हणजे टीडीआरच्या बदल्यात किंवा भूसंपादनाने घ्यावी लागते. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत हे घडले नाही तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. या सूचनेनंतर ठराविक मुदतीत संस्थेने पाऊल उचलले नाही तर आरक्षण आपोआप संपते. ही मुदत आधी ६ महिने होती, मग १२ महिने झाली, २०१५ च्या दुरुस्तीपासून २४ महिने आहे. केवळ प्रस्ताव पाठवला म्हणजे पाऊल उचलले असे धरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. टपालात आलेली एक सूचना कोणत्या टेबलावर पडून राहिली, यावर कित्येकदा एखाद्या वस्तीच्या सभागृहाचे भवितव्य ठरते. संपादन असे रखडण्यावर काढलेला मार्ग म्हणजे समावेशक आरक्षण : मालकाने भूखंडाच्या ठराविक भागावर सभागृह बांधून संस्थेला विनामूल्य द्यायचे आणि उरलेल्या भागावर स्वतःचे बांधकाम करायचे. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत त्याची तरतूद आहे. संस्थेचा संपादनाचा खर्च वाचतो. मात्र सभागृह मागच्या बाजूला, वाहनतळाशेजारी ढकलले जाणार नाही यासाठी नकाशा तपासणाऱ्याने प्रवेशाचा रस्ता आधी पाहावा लागतो.

उलटा प्रकारही घडतो. उद्यानासाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेवर सभागृहाची मागणी येते, कारण जागा आयती असते. आरक्षणाचा हेतू बदलायचा असेल तर कलम ३७ नुसार जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी ही वाट आहे. बंगळूरमध्ये उद्यानाची जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला. मोकळी जागा ही सुद्धा लोकांची सोयच आहे, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. सभागृह चांगल्या कामासाठी आहे म्हणून मुलांचे मैदान घेणे योग्य ठरत नाही.

गावातील पद्धत. खेड्यात सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने होते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. इतिवृत्तात विषय, चर्चा, सूचक, अनुमोदक आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद होते. कित्येक गावांत ती दोन ओळींची असते : अमुक वस्तीत समाजमंदिर बांधणे, जागा उपलब्ध आहे. जागेचा गट क्रमांक नसतो, चतुःसीमा नसते, रस्ता कोठून ते नसते. पुढची बहुतेक भांडणे या कोऱ्या राहिलेल्या ओळींतून निघतात. पायाची आखणी सुरू झाली की शेजारचा शेतकरी सातबारा घेऊन उभा राहतो, मोजणीचा अर्ज जातो आणि काम थांबते.

जागा गावठाणात असेल तर सोपे. गायरान असेल तर ती शासनाची जमीन. पंचायतीकडे ती निहित असली तरी परस्पर बांधकाम करता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जावा लागतो. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात कडक निर्देश दिले. त्यानंतर त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनाने गायरानाच्या वापरावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. खासगी माणूस जागा देत असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र हवे. तोंडी दान किंवा साधे संमतीपत्र यांवर बांधलेल्या इमारती वारस बदलताच वादात जातात.

पैसा आमदार किंवा खासदारांचा स्थानिक विकास निधी, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांची विकास योजना, तांडा वस्ती सुधार योजना किंवा गावागावांत ‘पंचवीस-पंधरा’ म्हणून ओळखला जाणारा २५१५ लेखाशीर्षाचा निधी यांतून येतो. खासदार निधी १९९३ मध्ये सुरू झाला. त्यात खासदार शिफारस करतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देते. धार्मिक स्थळाच्या आवारात हा निधी वापरता येत नाही. त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला, हस्तांतरण हा क्रम असतो. निधी मार्च अखेर खर्ची पडायला हवा ही घाई मोठी असते. म्हणून गरज कोठे आहे हे पाहण्याऐवजी जागा कोठे लगेच मिळते हे पाहिले जाते आणि समाजमंदिर वस्तीपासून दूर, ओढ्याकाठी किंवा स्मशानाच्या वाटेवर उभे राहते. संध्याकाळच्या सभेला बायका तेथे जात नाहीत.

बांधकाम परवानगी. नगररचना कायद्याखालील क्षेत्रात अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, अर्थात प्रस्ताव नियमांना धरून असेल तर. नकार किंवा जाचक अट आल्यास ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. सभागृहाच्या नकाशात रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरे, वाहनतळ, बाहेर पडण्याचे दरवाजे आणि स्वच्छतागृहे यांची तपासणी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगीच देता येत नाही. तरीही चार पायऱ्यांचा उंच जोता आणि शेजारी रॅम्प नाही, अशी नवी समाजमंदिरे आजही दिसतात. आगीचे नियम गर्दी जमणाऱ्या इमारतीला लागू आहेत. २००६ च्या राज्य कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत व जुलैत, असे वर्षातून दोनदा द्यावे लागते.

नाव आणि हक्क. ‘मंदिर’ शब्दाने इमारत देवळाच्या अंगाने जाण्याचा प्रकार जुना आहे. मूर्ती बसते, घंटा लागते आणि ज्यांचा तो देव नाही त्यांचे येणे थांबते. सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये दिला. जातीच्या नावाने समाजमंदिर बांधून घेण्याची मागणी हा याहून नाजूक भाग. अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी स्वतंत्र निधी आहे तो शतकानुशतके गावच्या चावडीत व देवळात प्रवेश नाकारल्यामुळे. तेथे आपली इमारत असणे हा हक्काचा प्रश्न आहे. तेच तत्त्व लावून गावातील प्रत्येक जात आपले सभागृह मागू लागली की एका गावात चार इमारती होतात आणि चारही कुलूपबंद राहतात. २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. इमारतीच्या दारांबाबतही तोच विचार व्हायला हवा.

देखभाल. सर्व कागद इमारतीचे असतात, वापराचा एकही नसतो, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष. किल्ली कोणाकडे, भाडे किती, वीजबिल कोण भरणार, अभ्यासिका कोणत्या वेळी आणि लग्न कोणत्या वेळी, याचा ठराव मंजुरीच्या फाइलीत कोणी मागत नाही. हस्तांतरणानंतर इमारत ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत चढते. पहिल्या वर्षी मीटर बंद पडते, मग खिडकीचे तावदान फुटते, मग आत कोणाचे तरी कडब्याचे पेंढे येतात. ज्या गावांनी आधीच वापर समिती नेमून बायकांना व तरुणांना तीत घेतले, तेथे चित्र वेगळे असते. निधी मंजूर करणाऱ्याने गट क्रमांकाइतक्याच आग्रहाने हा ठराव मागावा.

गोव्यात बांधकाम परवाना पंचायत १९९४ च्या गोवा पंचायत राज अधिनियमाच्या कलम ६६ खाली देते. नगरनियोजनाचा कायदा १९७४ चा आहे. तेथे जागा पुष्कळदा कोमुनिदादीची, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, असल्याने तिच्या संमतीचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

मेंढा (लेखा). गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाचा अनुभव या विषयात वेगळा ठरतो. १९८० च्या दशकात गावाने आपले घोटुल, म्हणजे तरुणांचे सामूहिक घर, पुन्हा उभारायचे ठरवले आणि जंगलातील सागवान वापरले. वनखात्याने हरकत घेऊन ते काढून टाकले. गावकऱ्यांनी ते पुन्हा बांधले, आणि आसपासच्या गावांनीही ठरवून आपापली घोटुले बांधली. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत जातो. देवाजी तोफा यांच्यासारख्या गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवून ही पद्धत टिकवली. २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला.

धानोऱ्यासारख्या अनुसूचित क्षेत्रांत १९९६ चा पेसा, म्हणजे पंचायतींविषयीच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा, कायदा लागू आहे. त्यानुसार विकासाच्या योजना व कामे सुरू होण्याआधी ग्रामसभेची मान्यता लागते, आणि पंचायतीने केलेल्या खर्चाचा विनियोग दाखलाही ग्रामसभेकडूनच घ्यावा लागतो. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. त्यांत ठरलेली प्रक्रिया पूर्ण करून एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येते. मग त्या पाड्यातील समाजमंदिराचा प्रस्ताव आणि खर्चाचा दाखला दोन्ही त्या पाड्याच्याच ग्रामसभेपुढे येतात.