जयपूर : एका दिवसात नगरदृश्यांचे छायाचित्रण

जयपूरला मुक्काम एकच दिवसाचा असेल, तर छायाचित्रणाची स्थळे अंतरापेक्षा सूर्याच्या दिशेवरून ठरवावीत. १७९९ साली बांधलेल्या हवामहालाचा दर्शनी भाग पूर्वाभिमुख आहे. ९५३ झरोक्यांची ही भिंत सकाळच्या कोवळ्या उन्हात उजळते. दुपारनंतर ती सावलीत जाते आणि उशिरा पोहोचलेल्या पर्यटकाच्या पदरी बहुधा निराशाच येते. समोरच्या उपाहारगृहांच्या गच्चीवरून संपूर्ण महाल चौकटीत सामावतो.

सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगराची आखीव रचना मात्र उंचावरूनच उमगते. त्यासाठी त्रिपोलिया बाजाराजवळील ईसरलाट हा १७४९ मधील सात मजली मनोरा चढावा. वर जागा अरुंद आहे; पण सरळ राजमार्ग आणि पलीकडे अरवलीची रांग एकाच चित्रात येते.

सायंकाळ नाहरगढसाठी राखून ठेवावी. १७३४ मध्ये उभारलेल्या या डोंगरी किल्ल्यावरून सारे शहर पायथ्याशी पसरलेले दिसते. सूर्यास्तानंतर दिवे लागलेले असतात आणि आकाशात निळाई रेंगाळत असते, ती वीसेक मिनिटे मोलाची. कोणता भाग किती वाजता बंद होतो आणि तिपाईला परवानगी आहे का, हे आधीच विचारावे. नसल्यास कॅमेरा कठड्यावर टेकवून छायाचित्र घेता येते.