घर सोडून गेलेला आजोबा

गोव्यातल्या पुष्कळ घरांत एक आजोबा किंवा पणजोबा असा असतो, ज्याच्याविषयी एकच वाक्य सांगितले जाते: "तो घर सोडून गेला." कोणी नाटक मंडळीबरोबर गेला, कोणी बोटीवर, कोणी देवाच्या नादाने. आपण त्याला पाहिलेले नसते, म्हणूनच तो अधिक रंगीत दिसतो. मग कोणी नातवंड शोध घेऊ लागते. गेला कुठे, हा पहिला प्रश्न. मागे कोण राहिले, हा प्रश्न फार उशिरा सुचतो.

धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' वाचताना मला हे दोन्ही प्रश्न पडले.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांकवाळला जन्मलेला हा मुलगा. शिक्षण बेताचे. वडिलांच्या माडांच्या बागायतीचा कारभार अंगावर. लग्न झाले चौदाव्या वर्षी, बाळाबाईंशी. अशात 'बालबोध' या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा लेख वाचनात आला आणि त्या ध्यासाने १८९९ मध्ये त्यांनी गोवा सोडला.

पुढचा प्रवास कादंबरीत शोभावा असा आहे. पुण्यात डॉ. भांडारकरांची भेट, ग्वाल्हेर, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृतचा अभ्यास, नेपाळ, बुद्धगया. १९०२ मध्ये सिंहलद्वीपात भिक्षुदीक्षा, मग ब्रह्मदेश. पुढे कलकत्त्याला पालीचे अध्यापन सुरू झाले. पण महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून ती नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपये पत्करले. हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी ते चार वेळा गेले. १९२९ मध्ये लेनिनग्राडला शिकवले, १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९३७ मध्ये मुंबईत परळला बहुजन विहार उभारला. शेवटी देह थकला, तेव्हा अन्न सोडून मरण पत्करायचे ठरवले. गांधीजींच्या सांगण्यावरून एकदा उपोषण थांबवले. पण अखेर सेवाग्रामला ४ जून १९४७ रोजी त्याच मार्गाने ते गेले.

त्यांची नात मीरा कोसंबी तेव्हा आठ वर्षांची होती. आठव्या वर्षी आठवतो तो आजोबा आणि पुढे कागदपत्रांतून भेटतो तो आजोबा एकच नसतो. मीराताईंनी त्यांचे निवडक लेखन २०१० मध्ये संपादित केले आणि 'निवेदना'चा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा स्वतःचा विषय स्त्री-अभ्यास. पंडिता रमाबाईंवर त्यांनी मोठे काम केलेले. अशा नातीने हे पुस्तक हाती घेतले, यात मला एक न्याय दिसतो.

कारण १८९९ मध्ये धर्मानंद निघाले, तेव्हा मागे बाळाबाई आणि लहान मुलगी होती. आपण वाचक काशी ते कोलंबो त्यांच्याबरोबर हिंडतो. पण त्या सहा-सात वर्षांत या दोघींचे दिवस कसे गेले, याकडे आपले लक्ष जात नाही. १९१८ मध्ये मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर वडिलांबरोबर अमेरिकेला गेले, बाळाबाई इकडेच राहिल्या. दामोदर पुढे थोर गणिती आणि इतिहासकार झाले. बाळाबाईंचे 'निवेदन' मात्र आपल्याजवळ नाही.

यामुळे धर्मानंद लहान होतात असे मी म्हणत नाही. पालीचे धन मराठीत आणणारा हा माणूस आपल्या मातीतला, याचा अभिमान आहेच. पण त्याच्या पायांना जी मोकळीक मिळाली तिची किंमत कोणीतरी घरी बसून मोजत होते, एवढे लिहून ठेवायला हवे.

आपापल्या घरातल्या अशा आजोबांचा शोध घेणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. गोव्यातल्या जुन्या जन्मनोंदीचा 'तेओर' काढला, तर त्यात आईबापांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावे मिळतात. नावे पोर्तुगीज वळणाच्या रोमी लिपीत असतात. मोठ्याने वाचली की ओळख पटते. आजोबांचे नाव सापडले की आपण आनंदाने कागद मिटतो. तो लगेच मिटू नये. त्यांच्या नावाशेजारी आणखी एक नाव लिहिलेले असते. शोध तिचाही घ्यावा.