पंचवीस शरदांची आवराआवर

आयुष्य शरद ऋतूंनी मोजायची आपली पद्धत वेदकाळाइतकी जुनी आहे. शंभर वर्षं जग, असा आशीर्वाद देताना पूर्वज शंभर शरद जग असं म्हणत. पूर, साथी, विंचूकाटा, कोठीतलं संपत आलेलं धान्य, हे सगळं ओलांडून जो आश्विनापर्यंत पोचला त्याचं एक वर्ष पदरात पडलं, असा त्यामागचा हिशेब मला वाटतो. त्या हिशेबाने आपली संस्था आता पंचवीस शरदांची झाली.

इंग्रजी पुस्तकातला पानगळीचा ‘ऑटम’ आपल्याकडे नाही. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. हवामान खात्याच्या सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरला परततो आणि मग ‘ऑक्टोबर हीट’ सुरू होते. आयुर्वेदाने हा पित्त खवळण्याचा काळ सांगितला आहे. आपण या उन्हाला नावं ठेवतो. पण चार महिन्यांची ओल घरातून बाहेर काढायला त्याच्याइतका चांगला आणि फुकटचा गडी दुसरा नाही.

या दिवसांत आवरासावर करण्याची सवय नुसती घरापुरती नव्हती. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला असत. नद्यांना उतार पडला, वाटा वाळल्या, घोड्यांना चारा झाला की दसऱ्याला सीमोल्लंघन. त्याआधी खंडेनवमीला शस्त्रं घासूनपुसून पूजायची. आपण राहतो ती उपनगरं जुन्या साष्टी बेटावरची. चिमाजी अप्पांची साष्टीची मोहीम १७३७ च्या मार्चमध्ये झाली आणि वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यात हाती आला. दोन्ही वेळा पाऊस पडायच्या आत! राज्याचा कारभारसुद्धा आभाळाकडे बघून चालत होता. पुढे तलवारी गेल्या आणि खंडेनवमीच्या पाटावर शिवणयंत्र, सायकल, सुताराचा रंधा नि मुलांची पाटी आली. पण वापरायची वस्तू वर्षातून एकदा पुसून, तपासून ठेवायची, हे राहिलं.

आमच्या पिढीने ही आवराआवर चाळीतल्या दोन खोल्यांत पाहिली. तिचा एक ठरलेला क्रम असे. आधी माळा, मग भिंती, मग फडताळं आणि शेवटी फरशी. म्हणजे वरची धूळ खाली आली तरी काम दुबार होत नाही. गोधड्या आणि ट्रंकेतले कपडे उन्हात, परतताना ट्रंकेत डांबराच्या गोळ्या. भिंतींना चुना. पितळेच्या भांड्यांना कल्हई. भाता चालवत, नवसागराचा धूर काढत कल्हईवाला कथलाचा हात फिरवायचा आणि काळं पातेलं चांदीसारखं व्हायचं. ती हौस नव्हती. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून ते करावंच लागे. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडं देई, रद्दीवाला रद्दी नेई. टाकाऊ म्हणून फारसं काही उरतच नसे.

दिवाळीचा बाजार हा मात्र काळजीचा विषय होता. १९७२ च्या दुष्काळात महागाई एवढी वाढली की मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. साखर, रवा, तेल यांसाठी रांगा हे तेव्हाचं नेहमीचं चित्र. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची रीत साधी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी आणि पैसे आगाऊ द्यायचे, माल एकाच घरी उतरवायचा आणि सभासदांनी मिळून वाटून घ्यायचा. दुकान नाही, उधारी नाही. यादी आधी द्यायची म्हणजे घरात काय आहे आणि काय हवं आहे ते आधी बघणं आलं. उपनगरांतल्या किती गृहिणींना या यादीने नियोजन शिकवलं! आता मोबाईलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत रवा दारात येतो, आणि मागच्या महिन्याची पिशवी डब्यामागे तशीच सापडते. सगळ्यांची दिवाळी तशी सुखाची नाही, हेही खरं. २०२२ मध्ये सरकारने शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल असा ‘आनंदाचा शिधा’ रेशनवर दिला, तेव्हा पुन्हा रांगा लागल्याच.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला सप्टेंबरअखेर म्हटलं की सहामाही हिशेब आठवतात. संस्थेचंही तसंच आहे. सहकार कायद्यातल्या २०१३ च्या बदलांनंतर आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. घरोघरी माळे आवरायच्या सुमारास संस्थेच्या वह्याही उघडल्या जातात, हा योग मला आवडतो.

पण वह्यांबरोबर इमारतीकडेही बघायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आपल्या इमारतीने अगदी नवी असताना सोसला. त्यानंतरचे वीस पावसाळे ती मुकाट्याने सोसते आहे. पाणी बारीक चिरेतून आत जातं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. गच्चीची चीर पावसात दिसते, पण तिची डागडुजी कोरड्या दिवसांतच होते. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या फेरबदलांची चर्चा त्यानंतर झाली. म्हणून आतली भिंत किंवा खांब हा ‘आमच्या घरातला प्रश्न’ नसतो. तो वरच्या सगळ्या मजल्यांचा असतो.

उपविधीनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा करायची असते. आपली तिशी पाच वर्षांवर आली. आता थोडं गणित. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरसाल जमा करायचा असतो. बांधकाम खर्च एक कोटी धरला तर वर्षाला २५ हजार, पंचवीस वर्षांत सव्वासहा लाख, वर व्याज. दुरुस्ती निधीचा किमान दर ०.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ७५ हजार. पण हे सगळं पंचवीस वर्षांपूर्वीच्या खर्चावर. सिमेंट, सळई आणि मजुरी आजच्या भावाने द्यावी लागते. सभेत देखभाल शुल्क वाढवायचा विषय निघाला की आवाज चढतात, मी ते ऐकले आहेत. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना दरमहा पाचशे रुपयेसुद्धा जाणवतात, मीही त्यांतलाच. तरीही दरवर्षी थोडं देणं परवडतं. एकदम लाखभर रुपयांची वर्गणी आली की कोणाला तरी दागिना मोडावा लागतो.

तेव्हा माझी सूचना एवढीच. दरवर्षी दसरा ते दिवाळी या दिवसांत संस्थेनेही आपला माळा आवरावा. गच्ची, टाक्या, पाइप आणि मीटरची खोली बघावी आणि आढळलेलं वहीत लिहावं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडाभरात तयार होतो, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे घरोघरी दर आठवड्याला रिकामे करावेत. आणि ज्या घरात दोनच वृद्ध आहेत, तिथे तरुण मंडळींनी एक रविवार जाऊन माळ्यावरचं सामान उतरवून द्यावं. काका-काकूंनी स्टुलावर चढू नये. चहा-चिवड्याची जबाबदारी आम्हा ज्येष्ठांची.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या आणि येत्या दिवाळीच्या शुभेच्छा.