दातवणाच्या काडीपासून खर्र्याच्या पुडीपर्यंत

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे समितीने सांगितले तेव्हा आम्ही पवनीचा स्तूप हा विषय मनाशी धरला होता. पण वर्धापन दिनाच्या आधी विहाराची रंगरंगोटी चालू होती. मागच्या भिंतीवरच्या लाल पिचकाऱ्यांवर चुन्याचे दोन हात दिले तरी डाग वर येत होता. रंगारी पोरगा हसून म्हणाला, "गुरुजी, हा खर्र्याचा डाग आहे, जात नाही जी." त्याच्याही गालात खर्रा होताच. तेव्हा पवनी सोडली नाही, पण पवनीवरून तोंडावर आलो. उपासक-उपासिकांनी रागावू नये.

वैनगंगेच्या काठी पवनीला जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठाने आणि पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले आणि मातीखालून मोठा स्तूप निघाला. मुचलिंद नागाचे शिल्प निघाले, त्यावर त्याचे नाव कोरलेले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात भिक्खुसंघाचा वावर होता. हे भिक्खू पहाटे उठून पहिले काम कोणते करीत असतील? विनयपिटकात त्याचे उत्तर आहे.

चुल्लवग्गात हकीकत येते ती अशी. भिक्खू दातवण करीत नव्हते, त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला. गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. तेव्हा तथागतांनी दातवण न करण्याचे पाच तोटे सांगितले : डोळ्यांना ते हितकारक नाही, तोंडाला दुर्गंधी येते, जिभेच्या चवीच्या वाटा शुद्ध राहत नाहीत, पित्त व कफ अन्नाला वेढतात, आणि जेवण गोड लागत नाही. दातवण करण्याचे फायदे याच्या उलट. म्हणून त्यांनी दन्तकट्ठाची, म्हणजे दातवणाच्या काडीची अनुज्ञा दिली.

पुढे काय झाले तेही वाचण्यासारखे आहे. सहा जणांची एक टोळी संघात होती, त्यांचा उपद्व्याप सगळ्या विनयात ठिकठिकाणी येतो. ते लांबच लांब काड्या घेऊ लागले आणि त्याच काड्यांनी सामणेरांना मारू लागले. तेव्हा नियम झाला की काडी आठ बोटांपेक्षा लांब नको. मग एका भिक्खूने फारच आखूड काडी चावली, ती घशात अडकली. पुन्हा नियम झाला, चार बोटांपेक्षा आखूड नको. आम्हाला या प्रसंगाचे फार कौतुक वाटते. दुःखाचे मूळ सांगणारा शास्ता काडीची मापेही घालून देतो, आणि तीसुद्धा अनुभव पाहून. शिष्याने सकाळी उठून आपल्या उपाध्यायाला दातवण व तोंड धुण्याचे पाणी द्यावे, असेही विनयात आहे. न दिलेली कोणतीही वस्तू भिक्खूने तोंडात घालू नये, पण पाणी आणि दातवण यांना त्यातून सूट आहे.

इत्सिंग नावाचा चिनी भिक्खू ६७१ साली भारताकडे निघाला आणि ६९५ साली मायदेशी परतला. नालंदेला तो बरीच वर्षे राहिला. त्याने आपल्या ग्रंथात एक सबंध प्रकरण दातवणावर लिहिले आहे. काडीचे एक टोक चावून मऊ करायचे, त्याने दात घासायचे, मग काडी चिरून वाकवायची आणि जीभ खरवडायची, शेवटी धुऊन टाकून द्यायची. आमची आजी बाभळीच्या फोकेने अगदी हेच करायची, आणि तिला इत्सिंगचे नावही ठाऊक नव्हते. जपानचा भिक्खू डोगेन १२२३ साली चीनला गेला, तेव्हा तेथे बैलाच्या शिंगात घोड्याचे केस बसवून केलेला ब्रश त्याला दिसला. त्याला तो मुळीच पटला नाही. केसांच्या जागी नायलॉन यायला १९३८ साल उजाडावे लागले.

आपल्या वाड्या-वस्त्यांत ब्रश त्याहूनही उशिरा आला. कडुनिंब, करंज, बाभूळ यांची काडी (शेजारी छत्तीसगडात तिला मुखारी म्हणतात), गोवरीची राखुंडी, कोळसा, मीठ, आणि आपला धानाचा मुलूख म्हणून तुसाची राख. यात निंबाची काडी चांगली. तुसाची राख मात्र वाळूसारखी. तिच्यात सिलिकाचाच भाग जास्त असतो, त्याने दात पांढरे दिसतात आणि वरचे कवच झिजून जाते.

खरा घात केला तो तंबाखूने. ही वस्तू बुद्धकाळात या देशात नव्हतीच, म्हणून पंचशीलात तिचे नाव नाही. पोर्तुगिजांबरोबर ती दख्खनेत आली, आणि १६०४-०५ च्या सुमारास असद बेगने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली. आपल्या जिल्ह्यात ती विडीच्या रूपाने घरात शिरली. जंगलातला तेंदूपत्ता, बाहेरचा तंबाखू आणि आपल्या बायाबापड्यांची बोटे, यावर भंडारा-गोंदियाचा विडीधंदा उभा राहिला. मजुरी हजार विड्यांवर. दिवसभर सूप मांडीवर, नाकातोंडात तंबाखूची धूळ, आणि भूक मारायला त्यातलीच चिमूट हिरडीला. विडी कामगारांचा कायदा १९६६ साली झाला, पण हिरडीला लागलेली सवय कायद्याने कशी सुटणार? बाया 'नस' घासू लागल्या, कोणी गुडाखू. दात साफ होतात, दुखत नाहीत, अशी समजूत. दात दुखत नव्हते हे खरे, कारण तंबाखूने ते बधिर व्हायचे.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तेथे आपल्या मायबहिणींना स्वच्छ राहायला शिका, दुर्गुणांपासून दूर राहा आणि मुलांना शिकवा असे सांगितले. आमच्या घरातल्या मोठ्या आईने १९५६ च्या दीक्षेनंतर देव सोडले, नवस सोडले, मेलेल्या ढोराचे मांस तर त्याआधीच सुटले होते. नसाची डबी मात्र शेवटपर्यंत कमरेला होती. आम्ही तिला दोष देत नाही. तेव्हा दाताचा डॉक्टर कोणी पाहिला होता? देशातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला काढले, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय निघाले १९६८ साली. तोवर दात हलला की दोरा बांधून ओढायचा.

पण आजच्या पिढीला हे कारण सांगता येणार नाही. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. महाराष्ट्राने २००२ साली गुटखा बंद केला, २००४ साली ती बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, जुलै २०१२ मध्ये पुन्हा घातली. आपल्याकडे पुडी गेली तरी खर्रा होताच. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घेऊन घोटायचा. लग्नात, मयतीत, एवढेच काय धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर निघालेल्या गाडीतसुद्धा. काही जण म्हणतात, आम्ही बिनतंबाखूची नुसती सुपारी खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होते, तोंड उघडत नाही.

आमच्या ओळीतल्या एका कर्त्या माणसाचे तसेच झाले. आधी तिखट लागेना, मग भाकरीचा घास जाईना, मग चमचा. नागपूरला नेले तेव्हा गालात गाठ होती. त्याच्या पुण्यानुमोदनाला आलेली पोरं विहारामागे उभी राहून खर्राच घोटत होती. त्या दिवशी आम्ही बोललो नाही. बोलायला हवे होते.

विनयात आठ बोटे आणि चार बोटे आहेत, डॉक्टर तीन बोटे सांगतात. आपलीच तीन बोटे एकावर एक धरून दातांच्या मधे घालून पाहावीत. ती जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा एखादा फोड दोन आठवडे बरा होत नसेल, तर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. बाकीचे बहुतेकांना ठाऊक आहे, तरी लिहितो. फ्लोराइडचे पेस्ट दोन वेळा लावावे, त्यातली रात्रीची वेळ चुकवू नये. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढे, मोठ्या मुलाला वाटाण्याएवढे. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून किडू देऊ नये. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले ते आपण वाचले आहे. त्या आजारात हिरड्याही लवकर बिघडतात, तेव्हा साखरेच्या रोग्याने त्या तपासून घ्याव्यात. म्हाताऱ्यांनी कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवावी.

रंगारी पोराला आम्ही तीन बोटांचे सांगितले. त्याने पाहिले, अडीच गेली. भिंत पुरी होईपर्यंत पुडी त्याने पायरीवर ठेवली, आणि संध्याकाळी जाताना उचलून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा विचारत होता, त्या दवाखान्यात किती वाजता जावे लागते.