तिमोर-लेस्ते : डोंगरवाड्यांचा देश

आग्नेय आशियात, इंडोनेशियाची द्वीपमाला ऑस्ट्रेलियाच्या दिशेने संपत येते तेथे तिमोर नावाचे एक लांबट बेट आहे. त्याच्या पूर्वार्धात तिमोर-लेस्ते हा देश वसला आहे. नावाची गंमत अशी, की 'तिमोर' हा शब्द पूर्व दिशेच्या मलय नावावरून आला आणि 'लेस्ते' म्हणजे पोर्तुगीज भाषेत पुन्हा पूर्वच. रायगड व रत्नागिरी हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढी भूमी होईल, साधारण तेवढाच, म्हणजे सुमारे 15,000 चौरस किलोमीटरचा हा देश आहे. 2022 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 13 लाख 40 हजारांच्या आसपास. राजधानी दिली सोडली तर शहर म्हणावे असे फारसे काही नाही. सुमारे दोनतृतीयांश जनता खेड्यांतच राहते.

आमच्या वाचकांना हा देश अगदीच परका वाटू नये. चंदनाच्या शोधात पोर्तुगीज तेथे सोळाव्या शतकात पोहोचले आणि 1844 पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या अधिकाराखाली होता. तेतुम या तेथील मुख्य भाषेत किल्लीला 'शावी', साबणाला 'सबाऊन' आणि पावाला 'पाऊन' म्हणतात. आपल्या चावी, साबण व पाव या शब्दांचे ते सख्खे भाऊ होत. तेतुम व पोर्तुगीज या दोन राजभाषा असल्या, तरी मांबाई, मकासाई, बुनाक, फातालुकू अशा अनेक भाषा घराघरांत जिवंत आहेत. दोन खोरी ओलांडली की भाषा बदलते.

देशाचा कणा डोंगरांचा. सर्वोच्च शिखर तातामाइलाऊ जवळपास 3,000 मीटर उंच असून त्याच्या माथ्यावर मरियामातेचा पुतळा उभा आहे. डोंगरउतारांवर चारदोन घरांच्या वाड्या विखुरलेल्या असतात. प्रत्येक कुळाचे एक 'उमा लुलिक', म्हणजे पवित्र घर असते. उंच छपराच्या या घरात पूर्वजांच्या वस्तू जपून ठेवतात, नव्या मक्याचे पहिले कणीस तेथे अर्पण करतात आणि कोण कोणाचा सोयरा हे तेथेच ठरते. लग्नात वराकडून म्हशी जातात, वधूकडून डुकरे व 'ताइस' नावाची हातमागाची वस्त्रे येतात. हे देणेघेणे एका दिवसात संपत नाही. पुढील प्रत्येक मर्तिकाला व प्रत्येक घरबांधणीला ते चालू राहते. या खर्चामुळे कुटुंबे कर्जबाजारी होतात अशी टीका तेथेही होते आणि ती निराधार नाही. परंतु संकटात धावून येणारे माणूसही याच नात्यातून मिळते, हे विसरता येत नाही.

मका हे मुख्य पीक. भोपळा, घेवडा व मका एकत्र शिजवून केलेले 'बातार दाआन' हे घरोघरचे जेवण. कंदमुळे परसात असतात. जेथे पाणी आहे तेथे भातशेती, आणि खाचरात नांगराऐवजी म्हशींचा कळप फिरवून चिखल तुडविण्याची रीत अजून आढळते. डोंगराळ एर्मेरा भागात कॉफी होते. अराबिका व रोबस्टा या दोन जातींचा नैसर्गिक संकर प्रथम तिमोरमध्येच आढळला. तांबेरा रोगाला तोंड देणाऱ्या त्या झाडाचा वारसा आज कर्नाटकातील मळ्यांमध्ये लावल्या जाणाऱ्या 'कावेरी' जातीतही उतरला आहे. जगाला एवढे देणाऱ्या या शेतकऱ्याच्या हाती मात्र वर्षातून एकदाच, कॉफीच्या हंगामात, काय ती रोकड पडते.

नोव्हेंबरपासून नवा मका हाती येईपर्यंतचे महिने उपासमारीचे म्हणून ओळखले जातात. साठवलेल्या मक्याला भुंगेरे लागतात, पावसात घाटरस्ते खचतात आणि आयात तांदूळ विकत घ्यायला पैसा नसतो. 2020 च्या पाहणीत पाच वर्षांखालील सुमारे 47 टक्के बालकांची वाढ खुंटलेली आढळली. जगातील अतिशय वाईट प्रमाणांपैकी हे एक आहे.

या भुकेमागे इतिहासही आहे. 28 नोव्हेंबर 1975 रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि अवघ्या नऊ दिवसांनी इंडोनेशियाचे सैन्य उतरले. गनिमांना आसरा मिळू नये म्हणून डोंगरातील वाड्या रिकाम्या करून लोकांना सखल भागातील छावण्यांत कोंडण्यात आले. शेते दूर राहिली, पवित्र घरे जळाली. सत्यशोधन आयोगाने 1974 ते 1999 या काळातील संघर्षबळींची संख्या किमान 1,02,800 मानली. त्यांपैकी सुमारे 84,200 भूक व आजार यांमुळे मेले, गोळीने नव्हे. 1981 मध्ये हजारो पुरुषांना लष्करी मोहिमेसाठी शेतावरून ओढून नेले, तेव्हा दिली धर्मप्रांताचे तत्कालीन प्रशासक फादर मार्टिन्यो दा कोस्टा लोपेस यांनी दुष्काळाचा इशारा परदेशी पोहोचविला. 1983 मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

ख्रिस्तसभेचा विस्तारही याच काळातला. 1975 च्या सुमारास कॅथलिकांचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होते. आज ते 95 टक्क्यांहून अधिक आहे. मान्यताप्राप्त धर्मांपैकी एक स्वीकारण्याची इंडोनेशियाच्या राजवटीची सक्ती हे त्याचे एक कारण होय. पण चर्चने उपासनेसाठी इंडोनेशियन नव्हे तर तेतुम भाषा निवडली, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. धर्मगुरूला लोक 'आमू लुलिक' म्हणतात. पवित्र घराचा 'लुलिक' तोच. 12 नोव्हेंबर 1991 रोजी दिलीतील सांताक्रूझ दफनभूमीत शोकयात्रेवर गोळीबार झाला आणि जगाचे लक्ष वेधले गेले. 1996 चे शांततेचे नोबेल पारितोषिक बिशप कार्लोस बेलो व जुझे रामोस-होर्ता यांना मिळाले. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून बिशप बेलो यांच्यावर 2020 पासून निर्बंध घातल्याचे व्हॅटिकनने 2022 मध्ये मान्य केले, ही वेदनादायक नोंदही येथे करणे भाग आहे.

30 ऑगस्ट 1999 च्या सार्वमतात 78.5 टक्के मतदारांनी इंडोनेशियात राहणे नाकारले आणि 20 मे 2002 रोजी देश स्वतंत्र झाला. समुद्रातील तेल व वायूच्या उत्पन्नातून 2005 मध्ये राष्ट्रीय निधी उभारला गेला. पैसा दिलीत दिसला. डोंगरातील पाणवठ्यापर्यंत तो कमीच पोहोचला. बायू-उंदान या मुख्य क्षेत्रातील उत्पादन 2025 मध्ये थांबले असून सरकार आता त्या निधीवरच चालते.

10 सप्टेंबर 2024 रोजी तासी तोलू येथे पोप फ्रान्सिस यांच्या मिस्साला सुमारे सहा लाख लोक आले, म्हणजे जवळजवळ निम्मा देश. ऑक्टोबर 2025 मध्ये तिमोर-लेस्तेला 'आसियान' संघटनेचे अकरावे सदस्यत्व मिळाले. मात्र गावातील तरुण मुलेमुली ऑस्ट्रेलियातील फळबागांत व कोरियातील कारखान्यांत कामाला जात आहेत. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून घरांवर पत्रे चढतात, भावंडांची फी भरली जाते. 2 नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवशी दिलीतील माणसे मेणबत्त्या व फुले घेऊन आपापल्या वाडीला परततात, तेव्हा डोंगरात मक्याची पेरणी तोंडावर आलेली असते.