परिचारिकेचा विचार

चंदीगढजवळच्या खरड गावाचे नाव मराठी श्रोत्यांच्या कानी क्वचितच पडले असेल. १९६६ साली चंदीगढ हा केंद्रशासित प्रदेश निर्माण झाला, तो याच खरड तहसिलीतील भूभाग वेगळा काढून. तेथे १९६२ साली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था स्थापन झाली आणि १९६४ साली तिचे परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. रुग्णसेवा हा अभ्यासाचा विषय आहे, हे येथवर सहज मान्य झाले नव्हते.

पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन स्थापिले आणि तेथील स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाची वाट दाखविली. परक्याच्या देहाला, त्याच्या रक्तमांसाला कुलीन स्त्रीने हात कसा लावावा, हा त्या काळचा आक्षेप होता. तो हळूहळू मावळला. पण परिचारिकेने केवळ डॉक्टरांची आज्ञा पाळावी, हा समज मागे उरला.

त्या समजाला अमेरिकेत इडा ऑर्लँडो यांच्या १९६१ सालच्या ग्रंथाने धक्का दिला. रोग्याच्या वागण्याचा अर्थ परिचारिकेने स्वतः गृहीत धरू नये, तो रोग्याकडूनच पडताळून घ्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे परिचर्या-प्रक्रियेच्या पायऱ्या ठरल्या: पाहणी, निदान, योजना, कृती आणि फलाची तपासणी. यातील निदान रोगाचे नव्हे. फुप्फुसदाह झाला आहे, हे डॉक्टर सांगतात. वेदनेच्या भयाने रोगी खोकणे टाळतो आहे व त्यामुळे कफ साचतो आहे, हे परिचारिका ओळखते.

अशी पद्धत परिचारिकांना नकोशी का वाटावी? तत्त्व बहुतेकींना पटते. अडचण वेळेची असते. भरलेल्या कक्षाचा भार एकटीवर असला, की नोंदवही हे ओझे होते आणि योजना रोग्याकडे न पाहताच उतरवून काढली जाते. मग कागद पूर्ण होतो, रोगी मात्र तसाच राहतो. उलट नोंदच न केली, तर रात्री जे कळले ते सकाळच्या पाळीला कळत नाही.

म्हणून या अनास्थेचा दोष केवळ परिचारिकेच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. समाजाने तिच्या हातांना एकदा मोकळीक दिली. तिने विचारही करावा अशी ज्या रुग्णालयाची अपेक्षा असेल, त्याने तिला त्यासाठी अवधी आणि अधिकार दिलाच पाहिजे.