घराची पट्टी व घराची भिंत

ठाणें व कल्याण या शहरांचा इतिहास सांगणारे बहुधा आगगाडीपासून आरंभ करितात. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली व पुढल्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोंचला, हें सर्वश्रुत आहे. परंतु या गांवांच्या नागरिकत्वाचा वृत्तांत पाहावयाचा तर अधिक नीरस अशा एका वस्तूकडे, म्हणजे घरपट्टीच्या वहीकडे, वळलें पाहिजे.

सन १८५० च्या २६ व्या कायद्यान्वयें रहिवाशांची मागणी असल्यास गांवांत म्युनिसिपालिटी स्थापितां येत असे. ती कल्याणास १८५५ त व ठाण्यास १८६३ त आली. रस्ते, गटारें व दिवाबत्ती यांचा भार गांवानें सोसावयाचा, आणि खर्च कसा करावा हें मात्र सरकारनें नेमलेल्या मंडळीनें ठरवावयाचें, अशी ती व्यवस्था होती. १८८२ च्या मे महिन्यांत लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव झाला आणि १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत लोकनियुक्त सभासदांस अधिक वाव मिळाला. तथापि मत देण्याचा अधिकार मुख्यतः कर भरणारास! पट्टीची पावती हीच जणूं मताची सनद. ही पद्धति अन्यायाची होती यांत शंका नाहीं. ज्याच्या नांवें घर नाहीं त्याला गांवच्या कारभारांत तोंडच नव्हतें. पण तिच्या पोटीं एक खरें तत्त्व दडलेलें होतें. जो पैसा देतो त्यानें हिशेब विचारावा, हें तें तत्त्व होय.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान रूढ झालें व कराची अट गळाली. पुढें १ ऑक्टोबर १९८२ रोजीं ठाण्यास व १९८३ त त्याच तारखेस कल्याणास महानगरपालिका आली, डोंबिवली तिच्यांतच. कायदा १९४९ चा. घराचें वाजवी वार्षिक भाडें धरून, दुरुस्तीसाठीं त्यांतून दहावा हिस्सा वजा करून, उरलेल्या रकमेवर कर बसवावयाचा, ही त्यांतील रीत. ठाण्यांत १९८६ त निवडणूक झाली. कल्याणकरांस मात्र पहिली निवडणूक पाहण्यास १९९५ उजाडावें लागलें. बारा वर्षें प्रशासक कर आकारीत होता आणि हिशेब विचारणारें सभागृहच नव्हतें! जुन्या काळीं कर देई त्यालाच मत होतें. येथें कर सर्वांस आणि मत कोणासही नाहीं.

या संदर्भांत सत्तावीस गांवांची कथा फार बोलकी आहे. १९८३ त तीं पालिकेंत घातलीं, २००२ त वगळलीं, आणि २०१५ च्या जूनमध्यें पुन्हा जोडलीं. शहराची पट्टी येते, पण शहराचा रस्ता व पाणी येत नाहीं, ही तेथील गाऱ्हाण्याची मुख्य बाब. ग्रामपंचायतीचा हलका कर ज्यानें वर्षानुवर्षें भरला त्याला महानगराची आकारणी जाचक वाटावी यांत नवल तें काय?

आतां भिंतीविषयीं. १९४९ च्या कायद्यानें आकाशचिन्हें व जाहिराती यांस आयुक्ताची लेखी परवानगी आवश्यक ठरविली. १९९५ त, म्हणजे कल्याणच्या पहिल्या निवडणुकीच्याच वर्षीं, मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. तरीही चौकाचौकांतले फलक हटले नाहींत. ३१ जानेवारी २०१७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें सुस्वराज्य फाउंडेशनच्या अर्जावर बेकायदा फलकांविरुद्ध निकाल दिला, आणि तीनच आठवड्यांनीं, २१ फेब्रुवारीस, ठाण्यांत मतदान झालें. आचारसंहिता लागली कीं पालिकेचे नोकर शिड्या घेऊन हिंडतात. ती उठली कीं वाढदिवसांचीं अभिनंदनें पुन्हा विजेच्या खांबांस लटकतात. (दंडाची रक्कम फलकाच्या खर्चांतच धरलेली असावी, असा आमचा तर्क आहे.) पण फलक म्हणजे केवळ कुरूपता नव्हे. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपर येथें एक प्रचंड जाहिरात-फलक वादळांत कोसळून सतरा माणसें मेलीं.

२०२० च्या नोव्हेंबरांत कल्याण-डोंबिवलीच्या व २०२२ च्या मार्चांत ठाण्याच्या सभागृहाची मुदत संपली, आणि दोन्ही ठिकाणीं पुढें कित्येक वर्षें प्रशासकाचा अंमल राहिला. त्या काळांतही पट्टीचीं बिलें वेळेवर आलीं, आणि भावी नगरसेवकांचे हंसतमुख फलकही जागच्या जागीं होते.